कुत्र्यांची पूरके : गरज, मात्रा आणि धोका

पूरक कशाला म्हणायचे

कुत्र्याच्या रोजच्या खाण्यात जे पोषकद्रव्य कमी पडते, किंवा पडत असावे असे पाळणाऱ्याला वाटते, ते भरून काढण्यासाठी वेगळे दिलेले सिरप, पूड, तेल, गोळी किंवा चघळायची वडी म्हणजे पूरक. बाजारात या नावाखाली दोन अगदी निरनिराळे गट एकत्र नांदतात. कॅल्शियम, लोह, जस्त, ड जीवनसत्त्व ही पहिल्या गटातली. यांच्यावाचून शरीर चालत नाही, आणि ती किती लागतात, किती झाली म्हणजे बाधतात, याचे आकडे उपलब्ध आहेत. ग्लुकोसामाइन, हळदीचा अर्क, ल्युटिन, ग्रीन टीचा अर्क ही दुसऱ्या गटातली. ती न दिल्याने कमतरतेचा कोणताही आजार होत नाही. त्यामुळे ‘गरज’ हा शब्दच त्यांना लागू पडत नाही आणि योग्य मात्रा ठरवण्याचा आधारही तुटपुंजा राहतो. क जीवनसत्त्व माणसासाठी पहिल्या गटात मोडते, कुत्र्यासाठी मात्र नाही, कारण निरोगी कुत्र्याचे यकृत ते स्वतः तयार करते. माणसाच्या अनुभवावरून कुत्र्याचा हिशेब मांडता येत नाही, हे इथपासूनच लक्षात येते.

गरज खरोखर कुठे असते

‘संपूर्ण आणि संतुलित’ असा शेरा असलेल्या तयार कोरड्या खाद्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे आधीच मिसळलेली असतात. निरोगी कुत्र्याला हे खाद्य पुरेसे मिळत असेल, तर वर आणखी काही देण्याचे कारण सहसा उरत नाही. दूध-पोळी, दही-भात किंवा चिकन-भात यांवर वाढणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस पंधरा ते वीस पट असतो. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे लागते. ही तूट शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून भागवते, आणि वाढत्या पिल्लाची हाडे साध्या उडीनेही मोडू लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती श्वानआहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होते, आणि या पाककृतींत पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. म्हणजे घरचे अन्न खाणाऱ्या कुत्र्याला पूरक बहुधा लागतेच. व्यवहारात मात्र उलटे चित्र दिसते. महागडे तयार खाद्य आणणाऱ्या घरातच सिरपच्या बाटल्याही ओळीने मांडलेल्या असतात, आणि पोळी-दुधावरच्या कुत्र्याला एकही मिळत नाही.

सुरक्षित म्हणजे काय

सुरक्षितता हा पदार्थाच्या अंगचा गुण नाही. पदार्थ, त्याची मात्रा, कुत्र्याचे वजन, वय आणि आजार, तसेच वाडग्यात आधीपासून असलेले अन्न, या सर्वांच्या मेळातून ती ठरते. पशूंसाठीच्या नव्या औषधांची चाचणी या विचारावरच बेतलेली असते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरोगी प्राण्यांच्या गटांना साधारणपणे सुचवलेल्या मात्रेच्या एकपट, तिप्पट आणि पाचपट औषध नेहमीपेक्षा जास्त काळ देऊन परिणाम नोंदवतात. उपयोगी मात्रा आणि बाधक मात्रा यांच्यामधले अंतर त्यातून कळते. पूरकांना बहुतेक ठिकाणी अशी चाचणी सक्तीची नाही, म्हणून हे अंतर अनेकदा माहीतच नसते.

पोट रिकामे की भरलेले, एवढ्यानेही निकाल बदलू शकतो. ग्रीन टीच्या अर्काचा अमेरिकेतील एक दीर्घ प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाशीपोटी अर्क घेणाऱ्या बीगल जातीच्या कुत्र्यांत यकृत, मूत्रपिंड आणि आतड्यांची हानी इतकी झाली की प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. खाण्यानंतर अर्क मिळालेल्या कुत्र्यांत त्रास बराच कमी होता. हा अर्क माणसांसाठी वजन घटवण्याच्या गोळ्यांत सर्रास वापरला जातो.

एका समितीचा अनुभव

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पशुवैद्यक विभागाने घोडे, कुत्रे आणि मांजरांच्या पूरकांची सुरक्षितता तपासण्याचे काम तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे सोपवले. परिषदेने नेमलेल्या समितीचा अहवाल २००९ मध्ये ग्रंथरूपाने आला. ल्युटिन, ईव्हनिंग प्रिमरोझचे तेल आणि लसूण हे तीनच पदार्थ नमुन्यादाखल निवडले होते. तिन्ही मोठ्या प्रमाणावर विकले जाणारे. तरीही थेट त्या प्राण्यांवर केलेले सुरक्षिततेचे अभ्यास अपुरे निघाले. समितीला इतर प्राण्यांवरील माहिती आणि आजवरच्या वापराचा अनुभव यांचा आधार घ्यावा लागला. दुष्परिणामांची नोंद करण्याची व्यवस्था सुधारावी, अशी शिफारस अहवालात आहे. तिचे महत्त्व सहज पटते. कुत्र्याला जुलाब झाले तर दोष काल रस्त्यावर उचललेल्या हाडावर जातो, महिनाभर चाललेल्या पुडीवर जात नाही. आणि गेला तरी तो कुठे नोंदवायचा, हे पाळणाऱ्याला ठाऊक नसते.

कॅल्शियम

पिल्लू घरात आले की बरोबर कॅल्शियमची बाटली येते, हा जणू रिवाजच आहे. त्यामागची समजूत अशी की लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या थोराड जातींची हाडे मोठी, म्हणून त्यांना कॅल्शियम वरून द्यायला हवे. नेमक्या याच जातींत जादा कॅल्शियम सर्वाधिक घातक ठरते.

प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेनुसार कॅल्शियम शोषते. जास्त आले की शोषणाचे प्रमाण घटते. साधारण सहा महिन्यांखालील पिल्लात हे नियंत्रण पक्के झालेले नसते. अन्नातल्या कॅल्शियमचा मोठा हिस्सा, निम्म्याच्या आसपास, आपोआप रक्तात उतरतो. रक्तातली पातळी आवरण्यासाठी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक हाडांची झीज थांबवते. वाढत्या हाडाला मात्र झीज आणि भर दोन्ही लागतात, कारण त्यांतूनच त्याला आकार येतो. झीज थांबली की कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची प्रक्रिया बिघडते, पुढच्या पायांना बाक येतो आणि सांध्याच्या पृष्ठभागावरची कूर्चा सुटू लागते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हाझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. वाकडे पाय पाहून घरात कॅल्शियम वाढवले जाते, आणि दुष्टचक्र पुरे होते.

अमेरिकी पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेच्या निकषांनुसार वाढत्या पिल्लाच्या आहारात, ओलावा वगळून, किमान १.२ टक्के कॅल्शियम हवे. प्रौढपणी सुमारे ३२ किलो किंवा त्याहून अधिक भरणाऱ्या जातींसाठी कमाल मर्यादा १.८ टक्के आहे, इतरांसाठी २.५ टक्के. आता लेबलावर १.२ टक्के कॅल्शियम लिहिलेले ३०० ग्रॅम कोरडे खाद्य घेऊ. त्यात ३.६ ग्रॅम कॅल्शियम आले. अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीत वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पूड साधारण २ ग्रॅम कॅल्शियम देते. बेरीज ५.६ ग्रॅम, ओलावा वजा केल्यावर प्रमाण २ टक्क्यांवर जाते आणि थोराड जातीची मर्यादा ओलांडते. चिकन-भाताच्या वाडग्यात हीच पूड, पशुवैद्याने ठरवलेल्या प्रमाणात, खरी उणीव भरून काढते.

कॅल्शियमची जादा मात्रा जस्ताचे शोषणही रोखते. मग डोळ्यांभोवती, तोंडाशी, पायाच्या गादीवर खपल्या धरतात, आणि त्वचेसाठी म्हणून दुसरी बाटली सुरू होते.

गाभण कुत्रीच्या बाबतीत हेतू चांगला आणि परिणाम उलटा असतो. गाभणपणात भरपूर कॅल्शियम आयते मिळत राहिले, तर हाडांतून ते काढून आणणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. व्यायल्यानंतर दुधावाटे कॅल्शियम झपाट्याने जाऊ लागते, तेव्हा ग्रंथीला वेळेवर जाग येत नाही. कुत्री धापा टाकते, थरथरते, ताठरते, तिला आकडी येते. गाईंचा दुग्धज्वर याच यंत्रणेतून येतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत आणि पिल्ले जास्त असताना हा धोका अधिक. व्यायल्यावर दूध पाजणाऱ्या कुत्रीला कॅल्शियम देणे हा वेगळा विषय आहे. तेव्हा ते उपचाराचा भाग असू शकते.

ड जीवनसत्त्व

कोवळ्या उन्हात बसवले की पिल्लाला ड जीवनसत्त्व मिळते, ही समजूत माणसावरून आलेली. कुत्र्याच्या त्वचेत त्याचा कच्चा माल फारसा साठत नाही, कारण एक विकर त्याचे लगेच कोलेस्टेरॉलमध्ये रूपांतर करून टाकते. म्हणून कुत्र्याला ड जीवनसत्त्व अन्नातूनच मिळावे लागते. उन्हाचे इतर फायदे असतील, हा नाही.

अन्नातली गरज अगदी अल्प असते. कोरड्या घटकांच्या दर किलोमागे किमान ५०० आणि कमाल ३,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके), असा अमेरिकी निकष आहे. १० किलो वजनाचा कुत्रा दिवसाला १५० ग्रॅमच्या आसपास कोरडा आहार घेतो असे धरले, तर त्याची दैनंदिन कमाल मर्यादा ४५० आययू येते. भारतातल्या अनेक घरांत आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायचे ड जीवनसत्त्वाचे सॅशे असते. त्यात ६०,००० आययू, म्हणजे १.५ मिलिग्रॅम कोलेकॅल्सिफेरॉल असते. १० किलोच्या कुत्र्याच्या हिशेबाने ही चार महिन्यांहून अधिक काळाची कमाल मात्रा एका पुडीत आली. पूड गोडसर असते, आणि टेबलावर सांडलेली चाटायला कुत्र्याला अर्धे मिनिट पुरते.

कुत्र्यांत दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅमपासून बाधेची लक्षणे दिसू शकतात आणि ०.५ मिलिग्रॅमपासून रक्तातले कॅल्शियम धोकादायक रीतीने चढते. १५ किलोचा कुत्रा एका सॅशेने पहिल्या उंबरठ्यावर पोहोचतो, ३ किलोचा चिवावा दुसऱ्या. आधी उलट्या, अन्नावरची वासना उडणे, खूप तहान आणि वारंवार लघवी. पुढे मूत्रपिंडात कॅल्शियमचे क्षार साचतात. ही लक्षणे सहसा काही तासांनी, कधी दीड दिवसानेही उमटतात, आणि तोवर सॅशेची आठवण कोणाला राहिलेली नसते.

कारखान्यातही चूक होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या अखेरीस काही कोरड्या श्वानखाद्यांबाबत इशारा दिला. त्यांतल्या काही नमुन्यांत ड जीवनसत्त्व अपेक्षेच्या सुमारे ७० पट होते. २०१९ च्या आरंभी डबाबंद खाद्याचेही अनेक प्रकार बाजारातून परत बोलावले गेले आणि दोषाचा माग जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणापर्यंत लागला.

माशाचे तेल आणि माशाच्या यकृताचे तेल

या दोन तेलांची सरमिसळ नेहमी होते. माशाच्या अंगातून काढलेल्या तेलात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले असतात. कॉडच्या यकृताच्या तेलात त्यांच्या जोडीला अ आणि ड जीवनसत्त्वेही असतात. कॉडच्या यकृताच्या एक चमचा तेलात साधारण ४५० आययू ड जीवनसत्त्व येते. वर मांडलेला १० किलोच्या कुत्र्याचा कमाल आकडा एवढाच आहे, आणि खाद्यात आधी मिसळलेले जीवनसत्त्व त्यात मोजलेले नाही.

साध्या माशाच्या तेलाची कमाल सुरक्षित मात्रा राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये दिली आहे. १० किलोच्या कुत्र्यासाठी ती ईपीए आणि डीएचए मिळून २ ग्रॅमच्या थोडी वर येते. माणसांच्या नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये या दोन घटकांची बेरीज बहुधा ३०० मिलिग्रॅमच असते, बाकीचे इतर मेद. म्हणजे मर्यादा गाठायला सात कॅप्सूल लागतात. तेलाची मात्रा वाढवण्यातला नेहमीचा त्रास पातळ शौच, वाढते वजन आणि पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेल्या कुत्र्यात त्याची पुनरावृत्ती हा आहे. मोठ्या मात्रेत रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि जखम भरायला वेळ लागू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्याला तेलाची कल्पना असावी लागते. उघडलेली बाटली एप्रिल-मेच्या उकाड्यात ओट्यावर ठेवली की तेल खवट होते. खवट तेल शरीरातले ई जीवनसत्त्व खर्च करते.

जवसाच्या तेलात ओमेगा-३ आहे, पण ते निराळ्या रूपात. कुत्र्याचे शरीर त्याचे ईपीएमध्ये थोडेच रूपांतर करते. धोका विशेष नाही. सांध्यांसाठी उपयोगही विशेष नाही.

स्वयंपाकघरातली पूरके

लसणाने गोचीड पळतात, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गोचिडांवर परिणाम झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. लसूण-कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करतात आणि पेशी फुटू लागतात. जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दर किलो वजनामागे ५ ग्रॅम लसणाइतका अर्क सात दिवस दिला. पेशींची हानी स्पष्ट दिसली, तरी उघड रक्तक्षय एकाही कुत्र्याला झाला नाही. २० किलोच्या कुत्र्याला ही मात्रा रोज १०० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन गड्डे, पडते. भाजीतली एखादी पाकळी पोटात गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रोज मुद्दाम भरवण्याचेही नाही. अकिता, शिबा यांसारख्या जपानी जातींतील काही कुत्र्यांच्या तांबड्या पेशी जात्याच अधिक नाजूक असतात.

मनुकांचे प्रकरण जास्त गंभीर आहे. रक्त वाढावे म्हणून भिजवलेल्या काळ्या मनुका देण्याची सवय माणसांपुरती ठीक. कुत्र्यांत द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये सुचवले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते, ही बाब मराठी स्वयंपाकघरासाठी नोंद घेण्याजोगी आहे.

हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषले जाते. म्हणून त्यात मिरीचा अर्क घालतात. तो कर्क्युमिनबरोबर काही औषधांचेही शोषण वाढवतो, आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या जोडीला औषधाचा गुणधर्म येतो.

सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन

कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे ग्लुकोसामाइन आणि कूर्चेपासून मिळणारे कॉन्ड्रॉइटिन ही म्हाताऱ्या कुत्र्यांना सर्वाधिक दिली जाणारी पूरके. ती सहसा बाधत नाहीत, तशी फारशी उपयोगीही पडत नाहीत. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. ओमेगा-३ युक्त आहाराला पाठिंबा मिळाला, या जोडीला मिळाला नाही. येथे हानी वेगळ्या वाटेने येते. लंगडणाऱ्या कुत्र्याचे वजन उतरवणे आणि वेदनाशामक वेळेत सुरू करणे राहून जाते, महिने पुडीवर निघून जातात. शिवाय या वड्यांना चिकन किंवा यकृताची चव दिलेली असते. अख्खी बरणी फस्त केलेल्या कुत्र्यांत यकृताला इजा झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकीय साहित्यात आहेत.

प्रोबायोटिक

आतड्यातले उपयुक्त जिवाणू वाढवणारी ही पूरके निरोगी कुत्र्याला क्वचितच अपाय करतात. प्रश्न असतो डब्यात नेमके काय आहे याचा. कॅनडातील एका पाहणीत, जी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, प्राण्यांसाठीची २५ उत्पादने तपासली. जिवाणूंची नावे अचूक आणि संख्या दाव्याइतकी, या दोन्ही कसोट्यांवर फक्त दोन उतरली. काही लेबलांवर जिवाणूंची नावेच चुकीची छापलेली होती.

माणसांच्या गोळ्या

गंभीर बाधा बहुतेकदा कुत्र्याच्या बाटलीतून होत नाही, घरातल्या माणसांच्या डब्यातून होते. साखर नसलेल्या चघळायच्या जीवनसत्त्वांत आणि सिरपमध्ये झायलिटॉल असू शकते. माणसात ते साखरेला निर्धोक पर्याय आहे. कुत्र्यात ते स्वादुपिंडातून इन्सुलिनचा लोंढा सोडते. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅमच्या आसपास मात्रा गेली तरी अर्ध्या-एक तासात रक्तशर्करा कोसळू शकते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत धोक्यात येते. गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या काही गोळ्यांत प्रत्येकी १०० मिलिग्रॅम शुद्ध लोह असते. दर किलोमागे २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होतो आणि ६० च्या वर तो जीवघेणा ठरू शकतो. ५ किलोच्या कुत्र्याला पहिल्या आकड्यासाठी अशी एक गोळी पुरते, आणि कुत्रा चावायला घेतो ती दहा गोळ्यांची पट्टी. मधुमेही आजी-आजोबांच्या मज्जातंतूंसाठीच्या गोळ्यांत मिथाइलकोबालामिनच्या जोडीला अल्फा लिपोइक आम्ल असते. पहिले निरुपद्रवी; दुसरे अधिक मात्रेत कुत्र्याची साखर उतरवते आणि यकृत-मूत्रपिंडांना इजा करते.

औषधांशी संबंध

महाराष्ट्रात गोचीडतापाचे रुग्ण वर्षभर येत असतात. त्यातल्या एर्लिकिया या जिवाणूवरचे प्रमुख औषध डॉक्सिसायक्लिन. कॅल्शियम आणि लोह या औषधाला आतड्यात बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरते. आजारात अशक्तपणा येतो म्हणून त्याच दिवसांत कॅल्शियम आणि रक्तवाढीचे टॉनिक सुरू केले जाते, तेही गोळी लपवलेल्या त्याच घासातून. दोहोंत किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे हा साधा उपाय आहे. प्लेटलेट घटल्यावर पपईच्या पानांचा अर्कही दिला जातो. कुत्र्यांतला त्याचा पुरावा मोजका आहे, आणि तो डॉक्सिसायक्लिनची जागा घेऊ शकत नाही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्यात फॉस्फरस, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचा हिशेब रक्ततपासणीशिवाय करता येत नाही. सर्वसाधारण मल्टिव्हिटॅमिनदेखील अशा वेळी तटस्थ राहत नाही.

कायद्याची चौकट

अमेरिकेत १९९४ च्या पूरक आहार कायद्याने माणसांच्या पूरकांना स्वतंत्र वर्ग दिला. हा कायदा प्राण्यांना लागू नाही, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये जाहीर केले. परिणामी प्राण्यांचे पूरक कायद्याच्या नजरेत एकतर अन्न ठरते किंवा औषध. पूरक असा तिसरा कप्पाच नाही. उद्योगाने २००१ मध्ये स्थापन केलेली परिषद सदस्यांच्या कारखान्यांची तपासणी करून गुणवत्तेची मोहोर देते, पण सदस्यत्व ऐच्छिक आहे. युरोपीय संघात पशुखाद्यात मिसळायच्या द्रव्यांना २००३ च्या नियमावलीखाली आधी मंजुरी लागते.

भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे. पशूंची औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. पूरके या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात विकली जातात. म्हणूनच बाटलीच्या पुढच्या बाजूला धावणारा तुकतुकीत कुत्रा आणि ‘मजबूत हाडे, चमकदार केस’ असे शब्द असतात, आणि मागे बारीक अक्षरांत ‘खाद्यपूरक, औषधी उपयोगासाठी नाही’ अशी ओळ. ही ओळ बाटलीवरचा बहुधा सर्वांत प्रामाणिक मजकूर असतो.

लेबलावर काय पाहावे

दर मिलिलिटर किंवा दर गोळीमागे प्रत्येक घटक किती, हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ‘खास मिश्रण’ अशा नावाखाली घटकांची बेरीज एकत्र दिली असेल, तर हिशेब करता येत नाही. ‘लहान कुत्रा अर्धा चमचा, मोठा कुत्रा एक चमचा’ ही सूचना २ किलोच्या आणि ७० किलोच्या प्राण्याला एकाच मापाच्या जवळ आणून बसवते. वजनाप्रमाणे मात्रा दिलेले उत्पादन बरे. बॅच क्रमांक आणि मुदत नसेल, तर काही बिघडल्यास माग काढता येत नाही. दोन-तीन उत्पादने एकाच वेळी चालू असतील, तर एकच घटक, बहुतेकदा कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा जस्त, प्रत्येकात सापडतो आणि मर्यादा या बेरजेतून ओलांडली जाते.

जास्त मात्रा पोटात गेल्यास

पहिल्या एक-दोन तासांत पशुवैद्य औषधाने उलटी घडवून बरेच द्रव्य बाहेर काढू शकतो. मिठाचे पाणी पाजून घरी उलटी करवण्याचा प्रयत्न स्वतंत्र विषबाधा ओढवतो, कारण रक्तातले सोडियम एकदम चढते. कुत्र्याचे वजन, खाल्ल्याची अंदाजे वेळ आणि उरलेले वेष्टन या तीन गोष्टी दवाखान्यात सोबत असल्या की मात्रा लगेच काढता येते. चावलेली पट्टीसुद्धा उपयोगी पडते, कारण तिच्यावरच्या रिकाम्या खाचा मोजता येतात. झायलिटॉलमध्ये पहिले काही तास निर्णायक असतात आणि साखर वारंवार तपासावी लागते. लोहाच्या बाधेत सुरुवातीच्या उलट्यांनंतर कुत्रा बरा झाल्यासारखा वाटतो आणि दिवसभराने पुन्हा खालावतो, त्यामुळे घरी सोडण्याची घाई करत नाहीत. ड जीवनसत्त्व चरबीत साठून हळूहळू सुटत राहते, म्हणून कॅल्शियम आणि मूत्रपिंडांच्या चाचण्या पहिले तीन-चार दिवस रोज, आणि पातळी चढलेली आढळल्यास पुढे कित्येक आठवडे अधूनमधून कराव्या लागतात.